दुपारचं पाणी पहाटेला

माझा धंदाच असा आहे की माणसं मला ओल्या अंगानं फोन करतात. डोक्याला साबण, डोळे मिटलेले आणि पाणी एकाएकी गार. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नसतं. म्हणून संपादकांनी 'तुमचे अनुभव लिहा' असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण आमच्या सौभाग्यवती सुमनबाई आतून ओरडल्या, "तीस वर्सं लोकायच्या न्हाण्या पाहून राह्यले, दोन पानं नाई लिहिता येत?" मग बसलो लिहायला.

मी वर्ध्यात गिझर दुरुस्त करतो आणि बसवतो. गावात मला नावानं कोणी ओळखत नाही. 'गिझरवाले भाऊ' म्हटलं की रिक्षावाला थेट माझ्या दुकानापुढे आणून सोडतो. गिझर म्हणजे लोकांना फार मोठं यंत्र वाटतं. खरं म्हणजे ती एक बंद टाकी आहे. खालून गार पाणी आत येतं आणि वरून गरम पाणी बाहेर पडतं. पोटात एक तापणारी कांडी असते. पाणी पुरेसं तापलं की कांडीची वीज तोडणारा एक पहारेकरी असतो, त्याला आम्ही थर्मोस्टॅट म्हणतो. आणि टाकीच्या भोवती ऊब धरून ठेवणारा एक जाड थर असतो. एवढंच. बाकी सगळा रंग आणि जाहिरात.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की दोन वर्षांनी कांडी बाहेर काढली तर ती कांडी आहे की पांढरा मुळा, ते सांगता येत नाही. एका किराणा दुकानदाराच्या आईनं त्या कांडीवरची खपली डबीत भरून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची आणि म्हणायची, "पाहा बाप्पा, हे आपल्या पोटात जाते." महिन्याभरात त्या गल्लीतल्या चार घरांनी मला कांडी धुवायला बोलावलं. जाहिरात अशी असावी.

या सगळ्या वर्षांत मी गावाला एकच मंत्र शिकवला. बटण दाबा, दहा मिनिटं थांबा, आंघोळ करा, बटण बंद करा. गिझर चालू ठेवून विसरणाऱ्याला मी दुकानात उभं करून झापायचो. तरण्याताठ्या इंजिनियरलाही झापलं आहे. या मंत्राचा मला मोठा अभिमान होता आणि पुढं तो अभिमानच मला नडला.

झालं असं की नवे मीटर आले. त्यांना नुसती किती वीज वापरली तेवढंच कळत नाही, कधी वापरली तेही कळतं. दिवसा सूर्यावर चालणारी वीज भरपूर असते, म्हणून ती स्वस्त. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी एकदम दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात, म्हणून ती महाग. भाजीबाजाराचंच तत्त्व आहे, दुपारी टोपली भरलेली असेल तर भाव उतरतो. पण गिझरच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे लोकांना उमजेना. खोटं कशाला सांगू, आधी मलाही नीट उमजलं नव्हतं.

एका निवृत्त हेडमास्तरांनी तर कमालच केली. वीज दुपारी स्वस्त आहे ना, मग आंघोळ दुपारी. रोज बाराच्या ठोक्याला हे न्हाणीत. त्यांच्या पत्नीनं मला बोलावून घेतलं ते गिझरसाठी नव्हे, नवऱ्याच्या दुरुस्तीसाठी.

"भाऊ, यायले समजावा जी," त्या म्हणाल्या. "बारा वाजेलोक यायची आंघोय नाई. आंघोय नाई तं पूजा नाई, पूजा नाई तं जेवन नाई. मी का आता तीन वाजता जेवू?"

मी हेडमास्तरांना सांगितलं, "सर, दुपारी तापवायचं. वापरायचं तुमच्या वेळेला, सकाळी. टाकी चांगली असेल तर पाणी तोवर गरम राहतं."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे काल तापवलेलं पाणी? ते शिळं नाही का झालं? शिळ्या पाण्यानं आंघोळ करून देवाला कसं शिवायचं?"

रोज सकाळी हंडे उपसून ताजं पाणी भरणाऱ्या घरात वाढलेला माणूस. त्यांचं चुकत होतं, पण काय चुकत होतं ते मला सांगता येईना. मी चहा पिऊन परत आलो. त्या माउलीचं जेवण तीनलाच राहिलं.

आणि मग, गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, कमलाबाई माझ्या दुकानात आल्या.

कमलाबाई नाचणगावजवळच्या. गावाबाहेर त्यांची भाजीची वाडी आहे, घरही वाडीतच. वय साठीच्या पुढे. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकवायची आणि पहाटे पुलगावच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा लग्न झाल्यापासूनचा क्रम. त्या आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"मिस्त्री, दुपारी तापवलेलं पानी पहाटे चार वाजता गरम राहीन, असा गिझर पाह्यजे."

इतकं नेमकं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोक म्हणतात, 'चांगल्यातला द्या.' मी विचारलं, "पहाटेच का हो तापवत नाही?"

"पहाटे आमच्या वाडीत लाईन नाई राह्यत. राह्यली तं दिव्याची काजवी होते, गिझर का चालन?" त्या बसल्या आणि मग सगळं सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला, रामभाऊंना, उन्हाळ्यात लकवा मारला होता. दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की सकाळी उठवण्याआधी हातपाय कोमट पाण्यानं शेकायचे, मग हलवायचे. त्याशिवाय अंग इतकं आखडायचं की रामभाऊंना खाटेवरून उठताच यायचं नाही. सून होती, पण ती दोन महिन्यांची बाळंतीण, आणि सासरे तिला पायाला हात लावू देत नसत. मुलगा पहाटे माल तोडून गाडीवर लादायचा. म्हणून शेकणं कमलाबाईंकडे. चूल पेटवायची, पाणी तापवायचं, शेकायचं, यात दिवस उजाडायचा आणि बाजार हातचा जायचा.

"बाजारात माही जागा हाये," त्या म्हणाल्या. "वडाच्या बुंध्यापासून तिसरी. चाळीस वर्सं बसून राह्यली तिथं. माह्या शेजारची वांगेवाली माह्या जागेवर पोतं टाकून ठेवते, कोनी बसू नये म्हनून. पन पोतं कितीक दिवस जागा राखन? बाकीच्या बाया म्हनते, पाडव्यालोक वाट पाहू. मग दुसरी बसन."

ज्यांना हा बाजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं ओट्यावर नंबर नाही, कागद नाही. जागा म्हणजे रोज येऊन बसणं. जी येत नाही, तिची जागा जाते. यात कोणी दुष्ट नसतं, तशी रीतच आहे. दिवाळीला तेव्हा जेमतेम महिना होता.

मला वाईट वाटलं, पण हेडमास्तरांना दिलेला सल्ला फसल्यापासून माझाही त्यावरचा विश्वास उडाला होता, म्हणून मी माझा जुना मंत्रच म्हटला. "बाई, गरम पाणी साठवून ठेवायचं नसतं. तापवायचं आणि लगेच वापरायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्या चुकीच्या गणिताकडे मास्तरीण पाहते तसं.

"आमच्या मोटारीले लाईन कधी येते, आमाले इचारून? आठ दिवस दिवसा, आठ दिवस राती. आली का मोटार लावतो, टाकं भरतो. मग भाजीले पानी देतो आमच्या सवडीनं. भरनं येगळं, देनं येगळं. हे बी तसंच नोहे का?"

हेडमास्तरांना अर्धा तास सांगून जे पटलं नाही, ते ही बाई मला चार वाक्यांत सांगत होती. मी गंमत म्हणून विचारलं, "आणि ते पाणी शिळं होत नाही?"

"टाक्यातलं पानी मेथीले शियं लागते का?" असं म्हणून त्या हसल्या. हे उत्तर मी लगेच हेडमास्तरांसाठी गाठीला बांधलं.

दोन दिवसांनी मी गिझर घेऊन वाडीत गेलो. न्हाणीवर टिनाचं छप्पर, तेही उतरतं आणि ठेंगणं. उभी टाकी तिथं मावणार नव्हती, म्हणून मी आडवी लावली. अशा जागी आम्ही सगळेच आडवी लावतो. एक टायमर जोडला, दुपारी आपोआप चालू आणि चार वाजता बंद. काम इतकं देखणं झालं होतं की मी मोबाईलवर फोटो काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी फोन. "मिस्त्री, पानी नुसतं कोमट हाये. शेकायच्या कामाचं नाई."

जाऊन पाहतो तर गिझरला चहूबाजूंनी गोधडी गुंडाळलेली, वर सुतळीनं घट्ट बांधलेली. जिथं वायरी आणि थर्मोस्टॅट असतो ते झाकणही गोधडीत गुडूप. "आग लागली असती!" मी ओरडलोच. "पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा नसतो!" त्यांनी मुकाट्यानं गोधडी सोडली. विचार मात्र त्यांचा बरोबर होता, पांघरूण हवंच होतं. मी दुकानातला काचलोकरीचा, म्हणजे ग्लासवूलचा, पट्टा आणून टाकीच्या गोल अंगाभोवती बसवला आणि झाकणाची बाजू मोकळी सोडली.

चार दिवसांनी पुन्हा फोन. तीच तक्रार.

या वेळी मी पोलिसासारखी चौकशी केली. दुपारनंतर नळ कोण उघडतं? सून म्हणाली, संध्याकाळी बाळाला न्हाऊ घालायला ती एक बादली काढते. सापडला चोर. मी म्हणालो, "मग कसं राहील गरम? जितकं गरम काढाल तितकं गार आत येणार. हे पाणी काढणं बंद करा." पोरीनं मान खाली घातली. मी औजारं आवरली आणि निघालो.

माझ्या धंद्यातला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा काढणं. हत्यारं पिशवीत, हात मोकळे. ती मान खाली घातलेली पोरगी मला अजून दिसते.

पंधरा दिवस काही फोन आला नाही. मी समजलो, जमलं. मग त्या बाजूला दुसरं काम निघालं म्हणून वाकडी वाट करून वाडीत डोकावलो. घरात धूरच धूर. सून एका हातानं बाळ सावरत चुलीवर त्याच्यासाठी पाणी तापवत होती, बाळ खोकत होतं. गिझरचं पाणी आजोबांसाठी राखलेलं. कमलाबाई त्या दिवशीही बाजारात गेल्या नव्हत्या, कारण नातवाला रात्रभर ठसका लागला होता.

"मिस्त्री, बरं झालं आले," त्या म्हणाल्या. "मले एक सांगा. टाकं पंचवीस लिटरचं. पोरीनं काढलं दहा लिटर. मग बाकीचं काऊन थंड व्हावं? ते का रुसून बसते?"

मी काहीतरी सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "या माह्यासंगं," आणि मला वाडीतल्या टाक्याजवळ नेलं. जमिनीवर बांधलेलं छातीइतकं उंच सिमेंटचं टाकं, दुपारचं ऊन त्याच्यावर. "वरून हात घाला." घातला. पाणी चांगलं ऊन होतं. मग त्यांनी मला बांधावर गुडघ्यावर बसवलं आणि बुडाची तोटी उघडली. हातावर गारेगार धार पडली.

"वरचं वर राह्यते, खालचं खाली. खालून मोटारीचं थंड पानी आलं तरी वरच्या ऊन पान्याले हात नाई लावत, त्याले नुसतं उचलते," त्या म्हणाल्या. "तुमी आमचं टाकं आडवं निजवलं. मग वर कोनतं अन् खाली कोनतं? सारं घुसयलं जाते."

त्या जे बोलल्या ते मी कारखान्याच्या प्रशिक्षणात तरुणपणी ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. साठवायचं असेल तर टाकी उभी. गार पाणी बुडाशी शिरतं, गरम पाण्याला वर ढकलतं, आणि शेवटच्या तांब्यापर्यंत वरचं पाणी गरमच मिळतं. आडव्या टाकीत खोली नसते, म्हणून आलेलं गार पाणी सगळ्यात मिसळतं. पण दहा मिनिटांच्या मंत्रात याची गरजच पडत नव्हती. जे लागत नाही ते मी विसरून गेलो होतो. ही बाई शाळेत किती गेली ते मला माहीत नाही. तिनं ते कोपरापर्यंत हात भिजवून शिकून घेतलं होतं. मी सांगतो, इतक्या वर्षांत मी चांगले चांगले इंजिनियर पाहिले, पण कमलाबाईंसारखं डोकं मला दुसरं भेटलं नाही.

"पण बाई, न्हाणीत उभी टाकी बसत नाही," मी म्हणालो.

"गिझर न्हाणीतच पाह्यजे, असं कोन्या शास्त्रात हाये?" त्यांनी विचारलं. "शेकतो कुठं आमी? खाटेवर. मधली भिंत उंच हाये, आढ्यालोक. तिच्यावर टांगा. इकडून बुढ्याले, तिकडून न्हाणीले."

तेही बरोबर. नळी जितकी आखूड तितकं पाणी वाटेत कमी निवतं. मी त्याच दिवशी वर्ध्याला परतलो, दुकानातली उभी टाकी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या भिंतीवर टांगली. काचलोकर नीट बसवली, टायमर जोडला. पहारेकरी कुठवर तापू देतो ते कमलाबाईंना दाखवलं. रामभाऊंच्या लकवा मारलेल्या अंगाला चटका कळत नव्हता, म्हणून शेकायचं पाणी बादलीत गार घालून बेताचं करायचं आणि आधी आपल्या कोपरानं पाहायचं, एवढं मी बजावलं. त्या म्हणाल्या, "ते मले तुमच्या आधीपासून समजते." निघताना मी सुनेला म्हटलं, "पोरी, आता संध्याकाळी हवं तेवढं पाणी काढ. चूक माझी होती." तिनं मला पाणी प्यायला दिलं.

पाडव्याला आठ दिवस उरले होते.

फोन आला नाही. मागच्या वेळी फोन न येण्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता, म्हणून या वेळी मला चैन पडेना. दिवाळी झाली, पाडवा झाला. मग एके दिवशी पहिल्या बसनं मी पुलगावला गेलो आणि उजाडता उजाडता भाजीबाजारात शिरलो. वडाच्या बुंध्यापासून मोजलं. एक, दोन, तीन.

तिसऱ्या जागेवर पोतं होतं. पोत्यावर कमलाबाई होत्या. समोर मेथीच्या जुड्या, सांभाराचे ढीग, आणि एक गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. मला पाहून त्यांनी शेजारच्या वांगेवालीला सांगितलं, "हेच ते मिस्त्री. पह्यले चुकले, मग सुधरले." माझी इतकी खरी ओळख कोणी करून दिली नव्हती.

मी विचारलं, "पाणी कसं आहे?"

"बुढ्याचं शेकनं झालं. काठी धरून अंगनात आला आज. नातवाची राती आंघोय झाली, तरी पहाटे टाक्यात ऊन पानी उरलं." त्यांनी गिऱ्हाइकाला जुडी दिली. मग माझ्याकडे न बघता, पोत्याचं टोक सरळ करत म्हणाल्या, "अन् मीबी गरम पान्यानं आंघोय करून आली. चाळीस वर्सं झाली या जागेवर. पह्यल्यांदा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पहिल्यांदा म्हणजे?"

"चुलीवरचं पानी पह्यले घरच्यायले, मग पोरायले. जाच्या टायमाले कोन माह्यासाठी अजून लाकडं पेटवन? थंड पान्यानंच करत होती. थंडीतबी." त्यांनी माझ्या पिशवीत मेथी कोंबली. "जा आता, गिऱ्हाईक खोयंबून राह्यलं."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब करत बसलो होतो, पण वेगळाच. आमच्या घरचा गिझर आडवा. बटण दहा मिनिटं, तेही मीच लावलेला नियम. आधी मी, मग मुलगा, मग मुलगी, त्यांना शाळा-कॉलेजला जायचं असायचं. सर्वांत शेवटी सुमन. तोवर बटण बंद झालेलं असायचं, आणि सगळ्यांनी काढलेल्या पाण्याच्या जागी आलेलं गार पाणी त्या आडव्या टाकीत सगळीकडे मिसळलेलं असायचं. हे मला तीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नव्हतं. गिझरवाल्याच्या घरी गिझरची तक्रार कोण करणार?

त्याच आठवड्यात मी घरचा आडवा गिझर काढला आणि उभा बसवला. काचलोकर गुंडाळली, टायमर जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचं झाल्यावर सुमन न्हाणीत गेली. नेहमी पाच मिनिटांत बाहेर येणारी बाई बराच वेळ आली नाही. मी दाराबाहेर पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो.

ती बाहेर आली, केस पुसत, तोंड लाल झालेलं. माझ्यापुढे उभी राहिली.

"तीस वर्सं साऱ्या गावाच्या घरी गरम पानी पोचवून राह्यले," ती म्हणाली. "आज या घराचा पत्ता सापडला का तुमाले?"